केमो-रेडिएशनमधला थकवा आणि मेलाटोनिन : गोळी सुरू करण्याआधी, घेताना आणि बंद करताना

‘मेलाटोनिन घेतलं, पण थकवा काही गेला नाही,’ असं सांगत मेडिकलच्या काउंटरवर येणाऱ्या बहुतेकांचा क्रमच उलटा झालेला असतो. गोळी आधी, चौकशी नंतर. घरात स्तनाच्या कॅन्सरचे उपचार सुरू असतात, नात्यातलं कुणीतरी ‘झोपेची साधी गोळी आहे, साइड इफेक्ट नाहीत’ म्हणून सुचवतं, ऑनलाइन दहा मिलिग्रॅमच्या गमीजची (चघळायच्या गोड गोळ्यांची) बाटली येते आणि रात्री साडेअकराला मोबाइल बघता बघता एक तोंडात जाते. पंधरा दिवसांनी निकाल लागतो : उपयोग शून्य. किंवा त्याहून वाईट : दिवसभर गुंगी, थकवा दुप्पट.

मेलाटोनिन ही ताकदीची गोळी नाही. अंधार पडल्यावर मेंदूतली पिनिअल ग्रंथी जे संप्रेरक सोडते, तेच हे. शरीराला ‘रात्र झाली’ एवढंच ते कळवतं. त्यामुळे थकव्याचा जो भाग बिघडलेल्या झोपेतून आलेला आहे, तेवढ्यापुरताच त्याच्याकडून काही मिळण्यासारखं आहे. हिमोग्लोबिन आठवर आलेल्या बाईला मेलाटोनिन देणं म्हणजे टाकी रिकामी असताना नळ बदलणं.

अभ्यास काय सांगतात तेही आधीच सांगतो, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतील. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर इराणमध्ये झालेल्या चाचणीत रोज १८ मिलिग्रॅम मेलाटोनिन घेणाऱ्या गटात थकवा कमी आढळला. अमेरिकेत रेडिएशन घेणाऱ्या स्त्रियांना रोज रात्री २० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा मात्र ते खोट्या गोळीपेक्षा (तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा) सरस ठरलं नाही. उपचार संपलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांवरच्या आणखी एका अमेरिकी चाचणीत ३ मिलिग्रॅम चार महिने दिल्यावर झोप सुधारल्याचं स्त्रियांनी सांगितलं. अंगातून निघणाऱ्या वाफा मात्र कमी झाल्या नाहीत. म्हणजे झोपेबाबत थोडी आशा आहे, थकव्याबाबत निकाल दोन्हीकडचे आहेत. आणि हो, मेलाटोनिनने कॅन्सर बरा होतो असं सांगणारे व्हॉट्सॲपवरचे निरोप पुढे पाठवू नका.

इशारा : १८ आणि २० मिलिग्रॅम हे डोस चाचणीतले आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीखालचे. ते वाचून घरी गोळ्यांची बेरीज करू नये.

## १. आधी वही काढा : हा थकवा आहे की झोप?

‘थकवा’ या एका शब्दात घरोघरी चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. डोळे मिटतात, बसल्याजागी डुलकी लागते, ही झोप. हातपाय जड, अंघोळ करूनही दमायला होतं आणि झोपून उठलं तरी बरं वाटत नाही, हा कॅन्सरच्या उपचारातला थकवा. जिना चढताना धाप लागते, ती तिसरीच गोष्ट. कशातच मन लागत नाही, ही चौथी. मेलाटोनिनचा संबंध आला तर पहिलीशी, आणि दुसरीच्या थोड्या भागाशी.

वही साधी ठेवा. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास थकव्याला शून्य ते दहामध्ये आकडा द्या. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त असू शकत नाही. जोडीला रात्री दिवा कधी मालवला, अंदाजे किती वेळाने झोप लागली, किती वेळा आणि कशामुळे जाग आली (लघवी, घाम, वेदना, विचार), उठण्याची वेळ, दुपारची झोप. एवढंच. आकडा तीनपर्यंत असेल तर सौम्य, चार ते सहा मध्यम, सात आणि पुढे तीव्र. चार किंवा अधिक आकडा वारंवार येत असेल, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. आपल्याकडे बायका ‘केमो म्हटल्यावर एवढं होणारच’ म्हणून गप्प बसतात आणि डॉक्टर विचारत नाहीत म्हणून ते राहून जातं.

केमो सुरू असेल तर एक पूर्ण सायकल, म्हणजे एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंतचा काळ, नोंदवा. तीन आठवड्यांची असेल तर तीन आठवडे. केमोचा थकवा सलाइननंतरच्या पहिल्या काही दिवसांत जोरात असतो आणि पुढचा डोस जवळ येईपर्यंत उतरतो. रेडिएशनचा थकवा उलट चालतो. सुरुवातीला काही जाणवत नाही, मग हळूहळू साचत जातो, शेवटाकडे सर्वांत जास्त होतो आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे रेंगाळतो. हा फरक लक्षात ठेवा, शेवटचा हिशेब यावरच अवलंबून आहे.

नोंदी ठेवताना रुग्णाला सारखं ‘किती आकडा? किती आकडा?’ असं पिडू नका. त्यांनी स्वतः लिहिलं तर उत्तम. नाही तर ठरलेल्या दोन वेळांना विचारा आणि विषय बदला.

लगेच हॉस्पिटल गाठायचं, वही बाजूला : केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, बसल्याजागी धाप, छातीत दुखणं किंवा धडधड, चक्कर येऊन पडणं, एकाच पायाला सूज आणि दुखणं, काळी शौच, अचानक गोंधळल्यासारखं बोलणं. जगणं नकोसं वाटतंय असं रुग्ण बोलल्या, तर तेही याच यादीत धरा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही हेल्पलाइन दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.

## २. थकव्याची दुसरी कारणं धुंडाळून घ्या

हा टप्पा लोक सरळ ओलांडून जातात. आणि खरा फायदा बहुतेकदा इथेच असतो.

ऑन्कोलॉजिस्टना (कॅन्सरच्या डॉक्टरांना) वही दाखवून विचारा की कोणत्या तपासण्या गरजेच्या आहेत. सीबीसी ही रक्ताची तपासणी केमोआधी होतेच. तिच्यातलं हिमोग्लोबिन स्वतः बघायला शिका आणि मागच्या तीन रिपोर्टांशी ताडून पाहा. एकच आकडा काही सांगत नाही, उतरता क्रम सांगतो. थायरॉइड (टीएसएच), बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर, सोडियम-पोटॅशियम, किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या, यांतलं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. शाकाहारी घरांत बी-१२ कमी सापडणं ही रोजची गोष्ट आहे, तेव्हा तुमच्या आहाराबद्दल त्यांना सांगा. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रॅस्टुझुमॅब हे कॅन्सरचं औषध घेतलेलं असेल आणि धाप, पायांवर सूज असं काही असेल, तर टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी झाला होता ते विचारा. ही दोन्ही औषधं हृदयावर परिणाम करू शकतात.

हिमोग्लोबिन कमी दिसलं की लगेच लोहाच्या गोळ्या, बीट-खजूर आणि टॉनिक असा घरगुती कार्यक्रम सुरू होतो. बीट खा, खजूर खा. गोळी आणि टॉनिक मात्र विचारल्याशिवाय नको, कारण केमोमुळे उतरलेलं हिमोग्लोबिन प्रत्येक वेळी लोहाच्या कमतरतेने उतरलेलं नसतं.

मग झोप मोडणारी कारणं. इथे एक औषध खास बघा : डेक्सामेथासोन. केमोच्या आसपास उलटी आणि ॲलर्जी टाळायला हे स्टेरॉइड देतात. डोसेटॅक्सेल या केमोच्या औषधाबरोबर तर ते दिवसातून दोनदा, तीन दिवस असा प्रघात आहे. दुसरी गोळी रात्री जेवणानंतर घेतली की पहाटेपर्यंत डोळा लागत नाही, आणि स्टेरॉइड थांबल्यावर दोन दिवस माणूस गळून जातो. या रात्री मेलाटोनिनच्या खात्यावर मांडायच्या नाहीत. ‘दुसरी गोळी दुपारीच घेतली तर चालेल का?’ एवढा प्रश्न डॉक्टरांना विचारा. वेळ स्वतःहून बदलू नका.

याच्या उलट, उलटीसाठी रात्री दिलं जाणारं ओलान्झापिन. त्याची पेंग दुसऱ्या दिवसापर्यंत टिकू शकते. त्यावर मेलाटोनिन घेतलं तर सकाळी उठवणं मुश्कील होतं आणि घरचे म्हणतात, ‘बघा, थकवा किती वाढलाय.’

टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी चालू असेल तर रात्रीचा घाम आणि वाफा. हाताच्या, काखेच्या टाक्यांची ओढ. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधानंतर तळपायाची आग. वेदनेने जाग येत असेल तर वेदनेवर उपाय हवा. घोरणं आणि झोपेत श्वास अडकल्यासारखं होणं आहे का, हे शेजारी झोपणाऱ्याला विचारा, रुग्णाला नाही.

## ३. औषधांची पूर्ण यादी, एका कागदावर

‘सगळी औषधं’ म्हटलं की लोक कॅन्सरची फाइल काढतात. बीपीची, शुगरची, फॅमिली डॉक्टरांनी सर्दीला दिलेली, वैद्यांचं चूर्ण, शेजारणीने दिलेलं गुळवेल, मुलाने अमेरिकेतून आणलेली व्हिटॅमिनची बाटली, यांतलं काही सांगितलं जात नाही. घरातले सगळे डबे टेबलावर ओता आणि स्ट्रिपवरून नाव, मिलिग्रॅम, वेळ उतरवून घ्या. ‘ती पांढरी, छोटी गोळी’ हे वर्णन कुणाच्याच कामाचं नाही.

यादीत पुढची नावं दिसली तर त्यांच्याखाली रेघ मारा. मेलाटोनिन लिव्हरमधल्या ज्या एन्झाइममार्फत शरीराबाहेर जातं, ते एन्झाइम काही औषधं अडवतात. मग थोडी गोळीही जास्तीची होते. फ्लुवोक्सामिन हे नैराश्याचं आणि मंत्रचळाचं औषध त्यात सर्वांत पुढे, आणि लघवीच्या किंवा पोटाच्या इन्फेक्शनवर हमखास लिहिलं जाणारं सिप्रोफ्लॉक्सासिनही त्यातच. कार्बामाझेपिन आणि टीबीवरचं रिफाम्पिसिन उलट परिणाम करतात, मेलाटोनिनचा असर घटवतात. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. बीपीचं निफेडिपिन घेणाऱ्यांमध्ये मेलाटोनिनने बीपी वाढल्याची नोंद आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम, गॅबापेंटिन किंवा सर्दीचं सेटिरिझिन सोबत असेल तर गुंगीवर गुंगी चढते.

याखेरीज फिट येण्याचा त्रास, संधिवातासारखा स्वप्रतिकारशक्तीचा आजार, अवयव प्रत्यारोपण, लिव्हरचा आजार किंवा पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी यांपैकी काही असेल, तर तेही वर ठळक लिहा.

विषयाला थोडं सोडून, पण महत्त्वाचं : टॅमॉक्सिफेन चालू असताना फॅमिली डॉक्टरांनी मन हलकं व्हावं म्हणून पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन लिहून दिलं असेल, तर ती चिठ्ठी ऑन्कोलॉजिस्टना दाखवल्याशिवाय औषध आणू नका. ही दोन्ही टॅमॉक्सिफेनचं शरीरात जे कामाचं रूप तयार होतं, ते कमी करतात. आधीपासून घेत असाल तर मात्र एकदम बंद करू नका, विचारा.

तपासा : यादीत तंबाखू, मिश्री, चहा-कॉफीचे कप आणि त्यांच्या वेळा लिहिल्या का? झोपण्याआधी मिश्री लावण्याची सवय असेल तर निकोटिनने झोप उडते, आणि हे कुणीच आपणहून सांगत नाही.

## ४. ओपीडीत काय विचारायचं

पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांत ऑन्कोलॉजिस्टच्या खोलीत मिळणारा वेळ आपण जाणतोच. त्यात ‘मेलाटोनिन घेऊ का?’ असं विचारलं की ‘घ्या, काही हरकत नाही’ किंवा ‘नको’ असं तुटक उत्तर येतं. त्याऐवजी वहीचं पान आणि औषधांची यादी समोर ठेवून नेमके प्रश्न विचारा :

- माझ्या यादीतल्या कशाशी याचं जमणार नाही का?
- चालू केमो किंवा रेडिएशनच्या काळात घ्यायचं, की ते संपल्यावर?
- किती मिलिग्रॅम, साधी गोळी की हळू सुटणारी, किती आठवडे?
- कोणत्या त्रासाला लगेच थांबवायचं?

दुसऱ्या प्रश्नाला ‘उपचार संपेपर्यंत नको’ असं उत्तर आलं तर रागावू नका. मेलाटोनिन अँटिऑक्सिडंटही आहे, आणि केमो-रेडिएशनच्या दरम्यान अँटिऑक्सिडंट पूरकं टाळावीत असं मानणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. मग दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊन ‘हो’ मिळवायची धडपड कशाला? सातव्या टप्प्यातल्या उजेड, चालणं अशा गोष्टींना सहसा मनाई नसते, आणि थकव्यासाठी पुरावा त्यांच्याच बाजूने भक्कम आहे.

रेडिएशन एका ठिकाणी आणि केमो दुसऱ्या ठिकाणी चालू असेल तर दोन्हीकडे सांगा. ऑपरेशन ठरलेलं असेल तर भूलतज्ज्ञांनाही.

## ५. कोणती गोळी आणायची

डॉक्टरांनी लिहून दिलेली, एकच घटक असलेली, औषध कंपनीची स्ट्रिप. माझं मत एवढं सरळ आहे. गमीज दिसायला छान, चवीला गोड, पण तीन अडचणी आहेत. पहिली, लेबलवरचा आकडा आणि आतला माल यांचा मेळ बसेलच असं नाही. २०२३मध्ये अमेरिकेत मेलाटोनिनच्या २५ गमी उत्पादनांची तपासणी झाली. त्यांतल्या २२ वर लिहिलेलं प्रमाण चुकीचं निघालं, काहींत लेबलच्या तिपटीहून जास्त आणि एकात मेलाटोनिन नावालाही नव्हतं. दुसरी अडचण भेसळीची नव्हे, मिसळीची : अशा बाटल्यांत अश्वगंधा, व्हॅलेरियन आणि आणखी चार वनस्पती सोबत येतात. अश्वगंधा थायरॉइडवर परिणाम करू शकते, आणि तिच्यामुळे लिव्हर बिघडल्याच्या नोंदी आहेत. केमोच्या काळात एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीतला आकडा) वाढला तर दोष केमोचा की गमीचा, हे शोधत डॉक्टर बसणार आणि पुढचा डोस लांबणार. तिसरी, घरातल्या नातवंडांना ती गोळी चॉकलेटच वाटते. कपाटात, वर, कुलपात.

डोस डॉक्टरांचा. बहुतेकदा सुरुवात दोन-तीन मिलिग्रॅमने होते. जास्त मिलिग्रॅम म्हणजे जास्त झोप हा हिशेब इथे चालत नाही; जास्त डोसने दुसऱ्या दिवशी डोकं जड राहतं, विचित्र स्वप्नं पडतात, मळमळतं, आणि केमोच्या मळमळीत ती कुठली हे ओळखू येत नाही.

हळू सुटणारी गोळी (स्ट्रिपवर एसआर, पीआर असं काही लिहिलेलं असतं) तोडायची नाही, चावायची नाही, कुटून दुधातून द्यायची नाही. गिळायला त्रास होत असेल तर आधीच सांगून साधी गोळी मागा. मेडिकलवाला ‘हीच कंपनी नाही, पण सेम आहे’ म्हणाला तर मिलिग्रॅम आणि साधी की हळू सुटणारी, या दोन्ही गोष्टी ताडून बघा. आम्ही मेडिकलवालेही घाईत असतो.

## ६. रात्रीचा क्रम

इथे चुका ढिगाने होतात, म्हणून सावकाश.

उठायची वेळ आधी ठरवा. झोपायची नव्हे. सकाळी साडेसहा ठरली तर रविवारीही साडेसहा. केमोनंतरचे पहिले दोन-तीन दिवस सवलत द्या, त्यानंतर नाही.

जेवण ओढून आणा. रात्री साडेनऊ-दहाला जेवणाऱ्या घरात हा टप्पा सर्वांत जड जातो. साडेसातला जेवण, साडेनऊला गोळी, साडेदहाला दिवा बंद, असं काहीसं बसवा. भरल्या पोटी लगेच गोळी घेतली तर काहींच्या रक्तातली साखर जेवणानंतर जास्त वेळ वर राहते. मधुमेह असेल तर दोन तासांचं अंतर पाळाच आणि पहिले काही दिवस सकाळची साखर मोजा. सगळ्या घराने साडेसातला जेवायची गरज नाही, रुग्णाचं ताट आधी लावा.

गोळी झोपेच्या ठरलेल्या वेळेआधी घ्या. साधी असेल तर सुमारे एक तास आधी, हळू सुटणारी असेल तर एक ते दोन तास आधी. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तसं. अंथरुणावर पडून तासभर वाट पाहिल्यावर ‘आता येतच नाही, तर घेते’ म्हणून घेणं ही चुकीची वेळ. साधं मेलाटोनिन रक्तात फार टिकत नाही. तासाभरात निम्मं उरतं. म्हणून रोजची वेळ एकच हवी.

गोळीनंतर उजेड कमी. गोळी घेतली आणि मग ट्यूबलाइटखाली बसून मालिका बघितली किंवा मोबाइल डोळ्यांपुढे धरला, तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होतं. उजेड शरीराचं स्वतःचं मेलाटोनिन दाबतो. पिवळा मंद दिवा लावा. रुग्णाचा फोन चार्जिंगला बाहेरच्या खोलीत. भेटायला येणारे नातेवाईक नऊच्या आत निघाले पाहिजेत, आणि हे सांगण्याचं काम रुग्णावर टाकू नये. सदाशिव पेठेत ते तसंही जमून जातं.

मध्यरात्री जाग आली तर दुसरी गोळी नाही. वीस मिनिटं झाली असं वाटलं, घड्याळ न बघता, तर उठून खुर्चीत बसा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा आणि पेंग आली की परत या. अंथरुणावर तळमळत पडायचं नाही.

गोळी विसरली आणि मध्यरात्र उलटून गेली? सोडून द्या. उद्या नेहमीच्या वेळी.

इशारा, पडण्याबद्दल : पॅक्लिटॅक्सेलने तळपाय बधिर झालेले असतील आणि त्यात गोळीची पेंग असेल, तर रात्री बाथरूमला जाताना पडण्याची भीती खरी आहे. वाटेत पायपुसणं नको, जमिनीलगत छोटा दिवा असू द्या, आणि पहिल्या आठवड्यात कुणीतरी त्याच खोलीत झोपा. सकाळी पेंग पूर्ण उतरल्याशिवाय दुचाकीला हात लावायचा नाही. दारू तर नाहीच.

## ७. दिवस सुधारल्याशिवाय रात्र सुधारत नाही

गोळी घेणारे हा भाग सोडतात आणि गोळी न घेणारेही सोडतात.

उठल्यावर तासाभरात अर्धा तास बाहेरचा उजेड घ्या. गच्ची, गॅलरी, सोसायटीचं आवार, काहीही चालेल. पुण्यात मे-जूनमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं, जानेवारीत सात वाजून जातात. तेव्हा हिवाळ्यात वेळ थोडी पुढे. रेडिएशनच्या जागेवर थेट ऊन नको, ओढणी किंवा सुती स्कार्फ घ्या. पांढऱ्या पेशी खूप उतरलेल्या असतील त्या दिवसांत गर्दीच्या बागेपेक्षा गॅलरी बरी.

चालणं. उपचारांदरम्यानच्या थकव्यावर व्यायाम हा उपाय मेलाटोनिनपेक्षा कितीतरी अधिक वेळा तपासला गेलेला आहे, आणि २०२४मध्ये आलेल्या अमेरिकी कॅन्सरतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतही व्यायाम, विचार-वर्तन उपचार (सीबीटी) आणि सजगतेचे कार्यक्रम यांची शिफारस आहे. दमलेल्या माणसाला ‘चाल’ म्हणणं क्रूर वाटतं, पण विश्रांतीने हा थकवा भरून येत नाही. पडून राहिल्याने स्नायू उतरतात आणि थकवा वाढतो. सुरुवात दहा मिनिटं, सपाट जागेवर, बोलता बोलता चालता येईल इतक्या वेगाने. तळजाई आणि पर्वतीचा चढ नंतर. जमेल तसं वाढवत आठवड्याला दीडशे मिनिटांकडे न्या. कुणाला ते चार महिन्यांनी जमेल, कुणाला नाही, आणि ठीक आहे. हाडांत आजार पसरलेला असेल, हिमोग्लोबिन फार खाली असेल किंवा हृदयाचा प्रश्न असेल तर आधी विचारा.

आता वामकुक्षी. एक ते चार हा काळ या शहरात पवित्र आहे, पण उपचारांच्या काळात तीन तास गाढ झोपलं तर रात्रीची झोप संपलीच. अर्धा तास, तीनच्या आत, गजर लावून. केमोनंतरचे अगदी वाईट दिवस सोडून द्या. त्या दिवसांत शरीर मागेल तेवढं द्या.

चहा दुपारी दोननंतर नको. चारचा चहा सुटत नसेल तर निम्मा कप करा आणि वहीत लिहा. पाणी दिवसा भरपूर, रात्री आठनंतर घोटभर.

सातारा, नगर, सोलापूरकडून रेडिएशनसाठी पुण्यात येऊन तीन आठवडे लॉजवर किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्यांची झोप नव्या जागेनेच मोडते. तुमची उशी, तुमची चादर घेऊन या, आणि पहिल्या आठवड्यात मेलाटोनिनबद्दल काही ठरवू नका. तसंच गणपतीच्या आधीचे आठवडे. नदीपात्राजवळ किंवा पेठांत घर असेल तर संध्याकाळी ढोल-ताशांचा सराव चालतो. त्या काळात काढलेल्या निष्कर्षाला अर्थ नाही. इअरप्लग आणा आणि नोंदींत ‘ढोल’ असं लिहा.

## ८. चार आठवड्यांनी हिशेब

मुदत आधी ठरलेली हवी. चार आठवडे, किंवा डॉक्टरांनी सांगितलेला काळ. ‘चालू दे, काय बिघडतंय’ म्हणून वर्षभर चाललेल्या गोळ्या मी काउंटरवरून रोज देतो, आणि त्यांतल्या कित्येक का सुरू झाल्या ते घेणाऱ्यांना आठवत नाही.

केमो चालू असेल तर कालच्याशी आजची तुलना करू नका. मागच्या सायकलचा पाचवा दिवस या सायकलच्या पाचव्या दिवसाशी, बारावा बाराव्याशी. सायकलच्या दुसऱ्या आठवड्यात गोळी सुरू केली तर तिसऱ्यात बरं वाटणारच होतं. त्याचं श्रेय गोळीला जातं आणि पुढच्या सलाइननंतर ‘गोळीचा असर संपला’ असं वाटतं.

रेडिएशन चालू असेल तर फक्त झोपेच्या नोंदी बघा. थकवा त्या काळात चढतच जातो, म्हणून गोळी निकामी ठरत नाही. आणि रेडिएशन संपल्यावर थकवा उतरला म्हणून ती गुणकारीही ठरत नाही. झोप लागायचा वेळ कमी झाला का? रात्री जाग येणं कमी झालं का? सकाळचा आकडा संध्याकाळच्या आकड्यापेक्षा खाली आला का? या तिन्हींत काहीच फरक नसेल तर बंद करा. डोस वाढवून बघू, हा निर्णय घरात घ्यायचा नाही.

झोप सुधारली, पण थकव्याचा आकडा सहा-सातवरच आहे, असं झालं तर मेलाटोनिनने त्याचं काम केलेलं आहे. आता दुसऱ्या टप्प्याकडे परत : हिमोग्लोबिन, थायरॉइड, वेदना, मन. निद्रानाश तसाच असेल तर त्यावरचा सीबीटी हा गोळीच्या आधीचा उपाय आहे. तुमच्या हॉस्पिटलात सायको-ऑन्कोलॉजिस्ट (कॅन्सर रुग्णांच्या मनाचे डॉक्टर) किंवा समुपदेशक आहेत का, ते विचारा.

## ९. बंद करताना

मेलाटोनिन सहसा हळूहळू कमी करावं लागत नाही. डॉक्टरांना सांगून थांबवा आणि एक आठवडा वही चालू ठेवा. गोळीशिवायही झोप तशीच राहिली तर पुन्हा सुरू करायचं कारण नाही. पहिल्या एक-दोन रात्री जड गेल्या म्हणून घाबरून परत जाऊ नका.

हा नियम फक्त मेलाटोनिनला. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम बरेच दिवस घेत असाल तर ते असं एकदम सोडणं धोक्याचं असतं. ते डॉक्टर पायरीपायरीने उतरवतात.

उरलेली स्ट्रिप केमोच्या डेकेअरमध्ये शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या ताईंना देऊन टाकू नका, मागितली तरी. त्या कदाचित वॉरफरिनवर असतील. द्यायचंच असेल तर वहीचं कोरं पान द्या आणि पहिल्या टप्प्यात काय लिहायचं ते सांगा.